वीज उंच झाडावरच का पडते?

प्रश्न : आमच्या बांधावरच्या सर्वांत उंच झाडावर वीज पडली आणि साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत उकलली. शेजारच्या सपाट वावराला काही झालं नाही. वीज उंच झाड हेरते का? पाऊस आला की आम्ही त्याच झाडाखाली थांबतो, जनावरंही तिथंच बांधतो. चालेल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अजिबात चालणार नाही. तिथले खुंटे आजच उपटा.

गडगडाटी ढगाच्या मधल्या भागात, उणे १० ते उणे २० अंश सेल्सिअसच्या थंडीत, वर उसळणाऱ्या हवेत हलके हिमकण आणि गारेसारखे जड कण सतत एकमेकांवर आदळतात. त्यातून हलक्या कणांवर धन विद्युत भार येतो आणि ते माथ्याकडे जातात. ऋण भाराचे जड कण खालच्या बाजूला राहतात. त्यांच्यामुळे ढगाखालच्या जमिनीवर धन भार गोळा होतो.

भार हवेला अडवेनासा झाला की ढगातून विजेची वाट साधारण ५०-५० मीटरच्या टप्प्यांनी, फाटे फोडत खाली येते. निघताना खाली झाड आहे की घर, याच्याशी तिचा काही संबंध नसतो. त्यामुळे वीज झाड हेरत नाही. जमीन शंभरेक मीटरच्या आत आली की मात्र शेंडे, कळस, मनोरे अशा उंच टोकांपासून वरच्या दिशेनं ठिणग्या निघतात. त्यांतली जी त्या वाटेला आधी भिडते, तिच्यातून वीज उतरते. उंच झाडाची ठिणगी मुळातच वरून निघते, म्हणून बहुतेक वेळा तेच सापडतं. आणि झाड नसलेल्या मोकळ्या वावरात उभा माणूसच सर्वांत उंच ठरतो, हे विसरू नका.

त्या क्षणी सुमारे ३०,००० अँपिअरचा प्रवाह वाहतो. झाडातल्या ओलाव्याची एकदम वाफ होते आणि साल फुटते. तुम्ही पाहिलीत ती हीच खूण. खोडाजवळ माणूस असेल तर वीज खोडातून त्याच्या अंगावर झेपावते. उरलेली जमिनीत पसरते. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्यानं प्रवाह एका बाजूनं शिरून छातीतून दुसरीकडे जातो. एका झाडाखाली बांधलेली अनेक जनावरं एकदम दगावतात, ती यामुळेच. तारेच्या कुंपणालाही जनावर बांधू नका, तार वीज दूरवर नेते.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. काम टाका आणि पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. जवळ निवारा नसेल तर एकट्या झाडापासून, खांबापासून, पाण्यापासून दूर सरका. पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका आणि एकमेकांत अंतर ठेवा. हा नाइलाजाचा उपाय आहे, पूर्ण संरक्षण नव्हे. हातातलं खुरपं वीज ओढतं असं नाही, पण ते आवरण्यात वेळ घालवू नका. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरला आभाळ गडगडत असताना हात लावू नका, तारांतून झटका येतो.

कुणावर वीज पडलीच तर त्याच्या अंगात ती साठून राहत नाही. बेधडक हात लावा. श्वास किंवा नाडी लागत नसेल तर मदत बोलावून लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. वेळेवर दाब मिळाला तर असा माणूस वाचू शकतो.