जाणीव म्हणावं का चैतन्य?

प्रश्न : सर, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. देकार्त, लॉक, लायबनिझ हे जुने युरोपियन तत्त्वज्ञ आले की माझी गाडी एकाच जागी अडते. कॉन्शसनेस म्हणलं की लेकरं 'चैतन्य' लिहितात आणि पुढचं सगळं उत्तर आत्मा अमर आहे यावर नेऊन ठेवतात. मला यातच पीएचडी करायचीय पण विषय सुचेना. काय करू?

उत्तर : ताई, लेकरांची चूक नाही यात, अडचण शब्दाची आहे आणि ती लई जुनी आहे. लॉकचा ग्रंथ 1700 मध्ये फ्रेंचमध्ये नेताना पिएर कोस्तही इथंच अडला होता, कारण फ्रेंचमधल्या जवळच्या शब्दाला सदसद्विवेकाचा वास होता, मग त्यानं तोच शब्द मधी रेघ मारून तोडला आणि खाली लांबलचक टीप दिली. हे वर्गात आधी सांगा. लॉकला म्हणायचंय ते साधं आहे, आपल्या मनात जे चाललंय ते आपल्याला कळणं, म्हणून मी 'जाणीव' वापरतो. देकार्तच्या 'विचार' शब्दाचंही तसंच, 1644 च्या ग्रंथात तो दिसणं, वाटणं, इच्छा होणं सगळं त्यातच धरतो.

आणि लायबनिझसाठी लेकरांना सरळ पिठाच्या गिरणीत न्या, खरंच न्या. 1714 मध्ये तो लिहितो की जाणवणारं एखादं यंत्र आहे समजा, ते गिरणीएवढं मोठं करून आपण आत शिरलो तर एकमेकाला ढकलणारे भाग दिसतील, जाणवणं कुठंच सापडायचं नाही. मी एकदा पोरांना घेऊन गेलो होतो, पट्टा फिरतोय, दगड घरघरतोय, सगळ्यांच्या भुवया पिठानं पांढऱ्या, आणि तेवढ्यात लाइट गेली. गिरणीच्या मागंच राहणारी एक पोरगी म्हणली, सर, आमच्या घरी आवाज बंद झाल्यावरच कळतं की तो चालू होता. मला तर भरून आलं, कारण लायबनिझनं लॉकला उत्तर देताना नेमकं हेच उदाहरण घेतलंय, गिरणीजवळ राहणाऱ्याला सवयीनं आवाज जाणवेनासा होतो पण तो आत पोचतच असतो. उलट लॉकच्या मते मनात काही चाललंय आणि आपल्याला पत्ता नाही असं होतच नाही. (ते उत्तर 1704 मध्ये जवळपास लिहून झालं, त्याच साली लॉक वारला, छापलं गेलं थेट 1765 मध्ये.) आपण मराठीत किती सहज म्हणतो बघा, कानावर पडत होतं पण भान नव्हतं. हा फरक 'चैतन्य' या एका शब्दात मावत नाही.

पीएचडीचा विषय इथंच आहे. मराठी पाठ्यपुस्तकांनी या एका शब्दासाठी कुठं काय वापरलं, जाणीव, चैतन्य, संवेदन का बोध, आणि त्यानं देकार्त-लॉकचं म्हणणं कुठं वाकलं ते शोधा. सुरुवात तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीतल्या जुन्या कपाटापासून करा आणि वहीत पुस्तकाची आवृत्ती अन् पान नंबर त्याच वेळी टाकत जा, नंतर शोधताना जीव जातो.