भाषण पाठ आहे, शब्द कुठे आहेत?

जर्मनीतल्या स्टुटगार्टहून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. अकरा वर्षांची मुलगी, जन्म तिथलाच. १५ ऑगस्टच्या कार्यक्रमात तिने तीन मिनिटांचं भाषण न अडखळता म्हटलं, टाळ्याही भरपूर मिळाल्या. पुढचं ताईंच्याच शब्दांत: "गाडीत बसल्यावर मी सहज विचारलं, पारतंत्र्य म्हणजे काय गं? तर म्हणाली, मला काय माहीत, तूच लिहून दिलंस ना. मला रडूच आलं. महिनाभर घेतलेली मेहनत कशासाठी होती?"

ताई, जीव लहान करू नका. परक्या देशात, तिसऱ्या भाषेत तीन मिनिटं उभं राहायला धीर लागतो आणि तो तुमच्या लेकीत आहे. पण त्याच पानावर खाली तुम्ही लिहिता, "देवनागरी वाचायला तिला वेळ लागतो, म्हणून मी सगळं रोमनमध्ये लिहून दिलं." इथे मात्र मी तुम्हाला रागावणार आहे.

तुमची मुलगी जर्मन शाळेत वाचायला शिकली. रोमन अक्षर दिसलं की तिच्या डोळ्यांना आधी जर्मन आवाज ऐकू येतो. आपण 'ज'साठी जे अक्षर लिहितो, ते तिचं 'योट', म्हणजे 'य'. आपला 'व' लिहायला वापरलेलं अक्षर तिचं 'फाउ', आणि ते बऱ्याच शब्दांत 'फ' होतं. स्वराआधीचा 'स' तिच्या तोंडी 'झ'कडे झुकतो. म्हणून जन्मसिद्धचा 'यन्मझिद्ध' होतो, सत्याग्रहाचा 'झत्याग्रह'. 'ळ'ला तर रोमनमध्ये जागाच नाही, त्यामुळे चळवळ कागदावर येते तीच चलवल होऊन. तुम्ही शेजारी बसून एकेक उच्चार सुधारून घेतला असेल, पण अशाने मुलीने आवाजांची माळ पाठ केली. शब्द तिला दिसलेच नाहीत. 'पारतंत्र्य' देवनागरीत वाचलं की त्यातलं 'तंत्र' डोळ्यांना सापडतं, रोमनमध्ये ती नुसती अकरा-बारा अक्षरांची रांग असते.

आणि स्टुटगार्टच्या मुलीला देवनागरीचं वावडं कशाला? मादाम भिकाजी कामांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी भारताचा झेंडा फडकवला तो तुमच्याच शहरात, आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत. त्या झेंड्याच्या मधल्या पट्ट्यावर 'वंदे मातरम्' लिहिलं होतं ते देवनागरीत. पुढच्या वर्षीचं भाषण या झेंड्यापासून सुरू करा. तिच्या रोजच्या रस्त्यांचं गाव त्यात आलं की विषय तिचा स्वतःचा होईल.

आता कामाचं. सगळं भाषण बाजूला ठेवा आणि एकच वाक्य घ्या, टिळकांचं: "स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच." ते मोठ्या अक्षरांत, देवनागरीत, तिच्याच हाताने लिहून जेवणाच्या टेबलाजवळ लावा. आठवडाभर एवढंच. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ रोज देऊ नका.

पहिल्या दिवशी तिला विचारा, स्वराज्य तर नपुंसकलिंगी, मग 'हा' का? 'हे' का नाही? परदेशात वाढलेली मुलं इथे हमखास चुकतात, कारण पहिला शब्द पकडून ती वाक्य पुढे ओढत नेतात. 'हा', 'माझा' आणि 'तो' हे तिघंही 'हक्क'शी बांधलेले आहेत. तुमची लेक जर्मन बोलते हा इथे फायदाच आहे. देअर, दी, दास तिच्या अंगवळणी पडलेलं आहे, तिला तीन लिंगांचं भय नाही. फक्त हे सांगा की जर्मनमध्ये हक्क नपुंसकलिंगी आहे आणि मराठीत पुल्लिंगी, स्वातंत्र्य तिकडे स्त्रीलिंगी आणि इकडे नपुंसकलिंगी. लिंग शब्दाबरोबर पाठ करायचं ही सवय तिला शाळेनेच लावलेली आहे.

दुसऱ्या दिवशी 'मिळणार' आणि 'मिळवणारच' शेजारी शेजारी ठेवा. मिळणं आपोआप होतं, मिळवायला आपल्याला काहीतरी करावं लागतं. मधल्या एका 'व'ने केवढा फरक पडला! मग तशाच जोड्या तिला शोधू द्या: कळणं–कळवणं, वाढणं–वाढवणं, घडणं–घडवणं. शेवटच्या 'च'वर एका संध्याकाळची सगळी दहा मिनिटं खर्च करा. "मी जाणार", "मीच जाणार", "मी जाणारच" ही वाक्यं मोठ्याने म्हणायला लावा आणि प्रत्येक वेळी कोण कशावर अडून बसलंय ते तिच्याकडून वदवून घ्या.

तिसऱ्या दिवसापासून वाक्याचा साचा करा. "रविवारी उशिरा उठणं हा माझा हक्क आहे आणि तो मी मिळवणारच." मग हक्काच्या जागी मागणी: "ही माझी मागणी आहे आणि ती मी मान्य करून घेणारच." मग कर्तव्य: "भांडी पुसणं हे माझं कर्तव्य आहे आणि ते मी करणारच." शेवटचं वाक्य मुलं कुरकुरत म्हणतात, म्हणू द्या. आमच्या घरी दोन्ही मुलांना हा साचा इतका आवडला की लिंगाच्या चुका महिन्याभरात निम्म्यावर आल्या.

स्वातंत्र्याच्या कविता-भाषणांवर माझा एवढा भर आहे त्याचं कारण हेच. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला हक्क, परवानगी, मुभा, बंधन, अट, अन्याय, निषेध, तडजोड हे शब्द रोज लागतात. तुमच्याशी भांडायला लागतात! ती भांडते जर्मनमधून, कारण मराठीत तिच्याकडे 'नको' आणि 'मला पाहिजे' यापुढे शब्दच नाहीत. आणि तुम्ही लिहिता, "उलट बोलली की मी तिला गप्प करते." करू नका, ताई. शुक्रवारी रात्री दहा मिनिटांची घरची सभा भरवा. तिने एक मिनिट मराठीत मागणी मांडायची, आठवड्याच्या पाच शब्दांपैकी तीन वापरायचे. तुम्हीही उत्तर मराठीतच द्यायचं आणि तेच शब्द घालून द्यायचं: "मुभा आहे, पण एक अट आहे." ती चुकली तर मध्ये तोडू नका. ती "माझा मागणी" म्हणाली तर तुम्ही उत्तरात म्हणा, "तुझी मागणी ऐकली." आणि मागणी रास्त असेल तर मान्य करा. शब्द वापरून काहीच पदरात पडत नाही असं दिसलं तर ती पुन्हा जर्मनकडे वळेल.

पाच शब्द म्हणजे पाचच. उत्साहाच्या भरात आया वीस-वीस शब्दांच्या याद्या करतात आणि दुसऱ्या रविवारी त्यातले तीन उरतात. शब्दाला वहीचं एक पान द्या. वर शब्द, खाली त्याचे दोन नातेवाईक, एक विरुद्धार्थी शब्द आणि घरातल्या गोष्टीवरचं तिचं स्वतःचं वाक्य. जर्मन अर्थ सगळ्यात शेवटी, तोही लागलाच तर. पंधरा दिवसांनी वही मिटून विचारा. निसटलेला शब्द पुढच्या पाचांत परत घ्या आणि तेवढे नवे कमी करा.

नातेवाईक कसे शोधायचे, तर स्वातंत्र्यापासूनच सुरुवात करा. स्व-तंत्र, म्हणजे ज्याची सूत्रं त्याच्याच हातात. 'स्वतंत्र' विशेषण, 'स्वातंत्र्य' नाम. बहुतेक मुलं "स्वातंत्र" म्हणून मोकळी होतात, शेवटचा 'य' गिळतात. तो 'य'च तर नाम घडवतो. पहिला स्वर लांबवायचा आणि शेवटी 'य' जोडायचा: स्वतंत्र–स्वातंत्र्य, परतंत्र–पारतंत्र्य, मधुर–माधुर्य. 'उ' किंवा 'ऊ' असेल तर 'औ' होतो, सुंदर–सौंदर्य, शूर–शौर्य. 'ई'चा 'ऐ' होतो, धीर–धैर्य. एकदा ही खूण हाती आली की मुलं स्वतःच शब्द ओळखायला लागतात. नियम संस्कृतातून आलेल्या शब्दांचा आहे. 'गुलाम' अरबी-फारसीच्या वाटेने आला, त्याला 'गिरी' लागते. महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' १८७३ सालचं, आणि ते त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केलं. अमेरिकेतल्या वाचकांनी ही अर्पणपत्रिका मुलांना जरूर दाखवावी.

एक खड्डा मात्र आधीच बुजवा. इंग्रजी 'फ्री' किंवा जर्मन 'फ्राय' डोक्यात ठेवून मुलगी मराठी बोलली की "उद्या मी स्वतंत्र आहे" असं वाक्य होतं. वेळ असेल तर 'मोकळी', शाळा नसेल तर 'सुट्टी', पैसे लागत नसतील तर 'फुकट', तुरुंगातून बाहेर आला तर 'सुटला', देश असेल तर 'स्वतंत्र'. आणि आजोबांना "तुम्ही रिकामे आहात का?" असं कधीही विचारू नये हे तिला आजच सांगा.

कविता हवी असेल तर केशवसुतांची 'तुतारी' घ्या, १८९३ची. तिच्यातलं स्वातंत्र्य जुन्या रूढींपासूनचं आहे, म्हणून या वयाला ती जवळची वाटते. पूर्ण नको, दोन कडवी पुरेत. "एक तुतारी द्या मज आणुनि, फुंकिन मी जी स्वप्राणाने" यातलं 'आणुनि' म्हणजे आणून, 'मज' म्हणजे मला, ही कवितेची रूपं, बोलताना वापरायची नाहीत. 'फुंकिन' मात्र 'करीन', 'जाईन' यांचंच भावंड, ते बोलण्यात चालतं. दुसरं कडवं "जुने जाऊं द्या मरणालागुनि"चं घ्या. त्यातलं "सडत न एक्या ठायी ठाका" तिच्याकडून आजच्या मराठीत करून घ्या: एका जागी सडत राहू नका. असं स्वतः उलगडलेलं कडवं पाठ करायला वेगळं बसावं लागत नाही.

सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेल्या कवितेतला 'तळमळला' हा एक शब्दही घ्या. तळमळणं, कळवळणं, हळहळणं, मळमळणं. आपल्या जिवाची अस्वस्थता, दुसऱ्याच्या दुःखाने पिळवटणं, गेलेल्या गोष्टीची चुटपुट आणि पोटातली ढवळाढवळ. चारही नीट लावून द्या, नाहीतर भर सभेत प्राण मळमळतो. 'ळ' जमत नसेल तर बाळ, फळ, केळं यांनी सुरुवात करा, जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायला सांगा.

तुमचे बाकीचे प्रश्न. पाच वर्षांच्या मुलाला यातलं काही नको, त्याला गाणी आणि गोष्टी. "हे म्हणतात हिंदी येतंय तेवढं बास" यावर मी काय बोलू? त्यांना शुक्रवारच्या सभेचं अध्यक्ष करा. आजीशी व्हिडिओवर बोलताना ती पळते, कारण "काय जेवलीस?" याच्या पुढे विचारपूस जात नाही. आजींना आठवड्याचे पाच शब्द आधी कळवून ठेवा. आजीला तिने पारतंत्र्य म्हणायचं कारण नाही, आजी 'इंग्रजांचं राज्य' म्हणेल. लिहिण्याचा शब्द आणि बोलण्याचा शब्द वेगळा असतो हे तिला तिथे आपसूक कळेल.

२६ जानेवारीसाठी नवं भाषण लिहायला बसू नका. संविधानाची उद्देशिका मराठीत घ्या. "आम्ही, भारताचे लोक" पासून सुरू होणारं ते सगळं मिळून एकच वाक्य आहे आणि त्याचं क्रियापद अगदी शेवटी येतं, म्हणून मुलं मध्येच हरवतात. शेवटून सुरुवात करा. काय करत आहोत? अर्पण. काय अर्पण करतोय? हे संविधान. कोणाला? स्वतःलाच. मग मधली न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता ही चार नामं रंगीत पेन्सिलीने अधोरेखित करून घ्या आणि त्या आठवड्याला पाचवा शब्द 'सार्वभौम' द्या. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी सुरू केलंत तर वेळेत होईल.