सांगलीत भंगारातून आणलेला ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) पिकअपला नुसता बसवला तर चालेल का?

नाही चालणार, पार्ट नंबर सेम असला तरी बहुतेक वेळा सेल्फ नुसता फिरत राहतो नाहीतर गाडी चालू होऊन लगेच बंद पडते, कारण त्यात दुसऱ्याच गाडीचा चासी नंबर अन् इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या लॉकचा) कोड असतो, तुमच्या चावीशी जुळत नाही. मिरजेत ऑटो इलेक्ट्रिकचंच काम करतो म्हणून सांगतोय. कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय-प्रेशर पाइपातून डिझेल) असेल तर बऱ्याच इंजिनांत इंजेक्टरवर छापलेले कोडपण स्कॅनरनं भरावे लागतात, नाहीतर आयडलला खडखड. आणि प्रोग्रामिंग करताना बॅटरीला सप्लाय लावलाय का बघा, मधेच व्होल्टेज पडलं तर ईसीएम बाद! पण जुना ईसीएम अगदीच जळला नसेल तर त्यातला डेटा काढून ह्यात टाकता येतो, तेव्हा तो लगेच भंगारात देऊ नका.