बोटांचे ठसे उमटत नाहीत, मग आईचं आयुष्मान कार्ड कसं काढू?

आई 74 वर्षांची, ठसे येत नाहीत आणि केंद्रातून 'यादीत नाव नाही' म्हणून दोनदा परत पाठवलं, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या बाबांच्या वेळी हेच झालं. जन्मभर शेतात राबलेल्या बोटांवर रेषा उरतात कुठे? आधी हात धुवून या, मग तेल लावा, मग उद्या या. शेवटी बाबाच म्हणाले, "अरे, मी अख्खा माणूस समोर बसलोय ना!"

यादीचं आधी मनातून काढा. ती जुन्या पात्र कुटुंबांची. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी गाठलेल्या कुणालाही 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत. फोनवरच्या सरकारी 'आयुष्मान' अ‍ॅपमध्ये सत्तरीवरच्यांसाठी वेगळा पर्याय आहे, तिथूनच जा. लागतं फक्त आधार.

ठशांऐवजी चेहरा चालतो. त्यासाठी त्याच फोनमध्ये 'आधार फेस आरडी' हे अ‍ॅपही घ्यावं लागतं. आईला सकाळच्या उजेडात बसवा. डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात, तिथे आमचे बाबा डोळे घट्ट मिटून बसले, देवापुढे बसल्यासारखे! तीनदा फसलं, चौथ्यांदा जमलं. घाई करणारं मागे कुणी नव्हतं म्हणूनच जमलं, असं मला वाटतं.

आधारवरची जन्मतारीख मात्र आधी बघा. वय त्यावरूनच धरतात, आणि त्या पिढीत गुरुजींनी घातलेली 1 जून फार. तारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा पक्का कागद हातात असल्याशिवाय हात लावू नका.

खासगी पॉलिसी असेल तर राहू द्या, दोन्ही चालतात. वडिलांमुळे सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना, असेल तर मात्र दोन्हींतलं एकच निवडावं लागतं.

वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. नुसत्या तपासणीला, रोजच्या गोळ्यांना नाही. जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते 14555 वर आत्ताच विचारून ठेवा, आणि कार्डाची प्रत औषधांच्या डब्यात ठेवा. आमची कपाटात होती. नेमकी त्या रात्री किल्ली सापडेना.