जुन्या काळी पोलादाच्या पिट्सबर्गला ताजी फळं-भाजी रेल्वेने सडल्याशिवाय कशी पोचायची?

सगळी करामत बर्फाची. लाकडी डब्याच्या दोन्ही टोकांना बर्फाचे कप्पे असत. छताची झडप उघडून त्यांत लाद्या टाकायच्या; एका डब्याला चार-पाच टन बर्फ सहज लागे. गार हवा खाली बसून जमिनीवरच्या लाकडी जाळीखालून मालात शिरायची आणि गरम झाली की वर चढून पुन्हा बर्फाकडे. पंखा नाही, यंत्र नाही! मांसासाठी बर्फात मीठ मिसळत, म्हणजे गारवा आणखी वाढे. कॅलिफोर्नियाहून निघालेला माल कित्येक दिवस वाटेत असे, म्हणून ठरावीक ठाण्यांवर गाडी थांबवून बर्फ पुन्हा भरावा लागे. छताच्या उंचीच्या फलाटावरून आकड्याने लाद्या ओढणाऱ्या त्या मजुरांचं श्रेय फार कमी लोक देतात, पण त्यांची एक खेप चुकली असती तर अख्खा डबा फेकावा लागला असता.

पिट्सबर्गमध्ये हा माल अ‍ॅलेगेनी नदीकाठच्या 'स्ट्रिप' भागात उतरे. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने तिथे १९२० च्या दशकात स्मॉलमन स्ट्रीटला पाच चौक लांबीची इमारत बांधली. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला गाड्यांसाठी दारं, मध्ये लिलाव. माल एका दाराने आत आला की समोरच्या दाराने घाऊक व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये. नाशवंत मालाला इतकी चोख रचना मला दुसरी माहीत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्ग झाले, शीतट्रक आले आणि रेल्वेचा हा धंदा ओसरला. इमारत मात्र अजून उभी आहे, आता तिथे दुकानं आहेत.