वर्गणीचे पैसे कोणाकडे जातात?

प्रश्न : मी दरमहा वर्गणी भरून ऑनलाइन सेवेवर गाणी ऐकतो, तीही बहुतेक एकाच गायिकेची. माझे पैसे तिलाच मिळतात का?

उत्तर : बहुतेक सेवांमध्ये तसे होत नाही. सर्व श्रोत्यांची वर्गणी एकत्र केली जाते, तिचा साधारण दोन तृतीयांश भाग हक्कधारकांसाठी ठेवला जातो आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जितका हिस्सा, तितकी रक्कम त्याला मिळते. त्यामुळे तुम्ही महिनाभर दुसऱ्या कोणाचेही गाणे लावले नाही, तरी तुमच्या वर्गणीतला मोठा भाग तुम्ही कधीच न ऐकलेल्या लोकप्रिय कलाकारांकडे जातो. मला हे अन्यायकारक वाटते. ‘साउंडक्लाउड’ या ऑनलाइन संगीत सेवेने २०२१ मध्ये काही कलाकारांसाठी प्रत्येक श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच देण्याची पद्धत सुरू केली, हे स्वागतार्हच आहे.

ध्वनिमुद्रणाचे हक्क संगीत कंपनीकडे असतील, तर रक्कम आधी तिच्याकडे जाते, आणि कंपनीने सुरुवातीला दिलेली उचल (आगाऊ रक्कम) फिटेपर्यंत गायिकेच्या हाती सहसा काहीच पडत नाही. करारात तिचा वाटा वीस टक्के असेल, तर आलेल्या शंभरातले वीसच उचलीपोटी जमा होतात, उरलेले ऐंशी कंपनीकडेच राहतात. गीतकार व संगीतकार यांचे मानधन वेगळ्या वाटेने येते. गायिकेला अधिक मिळावे असे वाटत असेल, तर तिने स्वतः विक्रीस ठेवलेला अल्बम विकत घ्यावा.