स्क्रिप्टने पाठवलेल्या ईमेलमध्ये चित्र बसवताना

पायथनच्या स्क्रिप्टने रोजचा अहवाल एचटीएमएल ईमेलमधून पाठवताना आलेखाचे चित्र बेस-६४ मध्ये (म्हणजे अक्षरांच्या लांबलचक ओळीत) बदलून थेट इमेज टॅगमध्ये कोंबण्याचा मोह टाळावा, कारण ब्राउझरमध्ये ते नीट दिसले तरी जीमेल अशी चित्रे दाखवत नाही. त्याऐवजी चित्र मेललाच जोडून त्याला कंटेंट-आयडी (मेलमधील त्या जोडणीची ओळखखूण) द्यावा आणि टॅगच्या स्रोतात ‘सीआयडी’, अपूर्णविराम (:) व लगेच तोच आयडी लिहावा. बहुतेकांचे घोडे इथेच अडते: असा आयडी तयार करणारे पायथनचे ‘मेक-एमएसजीआयडी’ हे फंक्शन तो कोनी कंसांसह (< >) देते, जोडलेल्या चित्राच्या हेडरमध्ये ते कंस हवेतच, परंतु एचटीएमएलमध्ये ते काढले नाहीत तर चित्राऐवजी रिकामी चौकट दिसते. साधा मजकूर आणि एचटीएमएल असे दोन्ही पर्याय जोडल्यावर चित्र जोडणारी ‘ॲड-रिलेटेड’ ही मेथड संपूर्ण संदेशावर न चालवता त्यातील एचटीएमएल भागावर चालवावी, अन्यथा पायथन त्रुटी दाखवून थांबतो (आणि ते बरेच म्हणायचे, निदान चूक लगेच कळते). विंडोजवरील जुने आउटलुक वर्डच्या इंजिनाने मेल दाखवत असल्यामुळे चित्राची रुंदी केवळ सीएसएसवर (मांडणीच्या नियमांवर) न सोडता टॅगच्या विड्थ गुणधर्मातही लिहावी.